रानातल्या औषधींचे बी उगवत नाही, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

मृगाच्या तोंडावर पेरलेल्या कुंडीत महिना उलटून गेला तरी मातीवर हिरवा ठिपकाही दिसत नाही, हे या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे रूप आहे. दुसऱ्या रूपात पन्नास बियांपैकी दोन-तीनच उगवतात, आणि तीही एक आज तर दुसरे तीन आठवड्यांनी. तिसऱ्या रूपात बी उगवते, पण दोन पाने फुटल्यानंतर तीन-चार दिवसांत रोपाची मान मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होते आणि ते आडवे पडते. चौथे रूप सर्वांत फसवे असते. कुंडी हिरवीगार भरते, महिनाभर जपून पाणी घातले जाते आणि मग लक्षात येते की उगवले आहे ते भलतेच काहीतरी.

आमच्या घरामागच्या छोट्या रोपवाटिकेत मी गेली चौदा वर्षे शतावरी, सर्पगंधा, काळमेघ, कळलावी, अश्वगंधा, भुईआवळा, खाजकुहिली, हिरडा अशा वनस्पतींची रोपे बियांपासून तयार करतो. वरची चारही लक्षणे मी स्वतःच्या कुंड्यांत पाहिली आहेत आणि नंतर गावातल्या व नात्यातल्या अनेकांच्या कुंड्यांतही तपासली आहेत. दर वेळी मला एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे बी खराब होते का. काही वेळा ते खरोखरच खराब असते, पण पुष्कळदा बी जिवंत असते आणि थांबलेले असते. मेथी, कोथिंबीर किंवा भेंडी यांचे बी माणसाने पिढ्यानपिढ्या निवडत आणले आहे, त्यामुळे पाणी मिळताच ते एकदम उगवते. रानातल्या झाडाचे सगळे बी पहिल्याच पावसाला उगवले आणि नंतर पावसाने ओढ दिली, तर त्या झाडाचा वंशच संपेल. म्हणून त्याच्या बियांत थांबण्याची सोय असते आणि या थांबण्याला सुप्तावस्था म्हणतात. खाली दिलेल्या तपासण्या बिनखर्चाच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात. हा क्रम सहसा मोडू नये, कारण पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच बहुतेक तक्रारींचे उत्तर सापडते.

आधी दिनदर्शिका पाहावी

पेरणीची तारीख लिहून ठेवली नसेल, तर पहिली चूक तीच आहे. अश्वगंधेचे चांगले बी साधारण आठ-दहा दिवसांत वर येते, त्यामुळे तीन आठवडे होऊनही काहीच दिसत नसेल तर काळजी करण्याजोगे कारण आहे. शतावरीला मात्र तीन-चार आठवडे सहज लागतात. सर्पगंधेचे बी पहिला कोंब दाखवायला तीन आठवडे घेते आणि त्यानंतरही महिनाभर एकेक करून उगवत राहते. कळलावीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. हिरड्याच्या आठळ्या काही महिने टप्प्याटप्प्याने फुटत राहतात. पंचविसाव्या दिवशी ‘शतावरी आलीच नाही’ म्हणून माती ओतून दिलेल्या कुंड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या ओतलेल्या मातीच्या ढिगावर पुढच्या आठवड्यात शतावरीचे कोवळे, सुईसारखे कोंब आलेलेही पाहिले आहेत.

मग दोन बिया उकरून पाहाव्यात

वाट पाहण्याचा काळ संपला असेल, तर काडीने माती हलकेच बाजूला करून दोन-तीन बिया बाहेर काढाव्यात. मला एकच तपासणी करण्याची मुभा असती तर मी हीच केली असती, कारण पुढचा सगळा मार्ग तिच्यावरून ठरतो. बी जसे पेरले तसेच कोरडे, टणक आणि न फुगलेले मिळाले, तर पाणी टरफलाच्या आत शिरलेलेच नाही. बी फुगलेले आणि घट्ट असेल पण कोंब नसेल, तर पाणी आत गेले आहे आणि आतला अंकुर अजून थांबलेला आहे. बोटांनी दाबल्यावर ते पचकन फुटले, आतून करड्या रंगाचा चिकट गर निघाला किंवा कुजल्याचा वास आला, तर ते मेलेले आहे. आणि बी सापडलेच नाही, तर मुंग्यांचा संशय घ्यावा. बारीक बिया मुंग्या एका रात्रीत वाहून नेतात, म्हणून कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटेच्या तुकड्यावर ठेवावी, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होते.

खोली आणि उजेड

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावे, हा नियम मोठ्या बियांना लागू पडतो. भुईआवळा आणि माका यांना तो लावला की पेरणी फसते. या दोघांच्या बिया अतिशय बारीक असतात आणि त्यांना उगवण्यासाठी उजेड लागतो, कारण एवढ्याशा बियांत खोलवरून मातीबाहेर येण्याइतका अन्नसाठाच नसतो. शेतात नांगरट झाल्यावर माका आपोआप दाट उगवतो, त्यामागे हेच आहे. पुरलेले बी नांगराने वर येते आणि त्याला उजेड मिळतो. अशा बिया चमचाभर बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुराव्यात, तळहाताने हलकेच दाबाव्यात आणि वरून माती टाकूच नये. झारीच्या धारेनेसुद्धा त्या वाहून कडेला जमा होतात, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी चढू द्यावे. पुरलेल्या बियांची कुंडी वाया गेली असे समजू नये. वरचा अर्धा इंच थर काडीने उकरून उलटापालटा केला, तर आठवड्याभरात काही बिया उगवतात.

ओल

पाणी कमी पडल्याने बी मरते हे सर्वांना ठाऊक असते, पण नेमके केव्हा मरते याकडे दुर्लक्ष होते. कोरडे बी महिनोन्महिने कोरडे राहू शकते. एकदा ते फुगले आणि आतला अंकुर जागा झाला की मात्र एका दुपारची कोरड त्याला पुरे होते. मे महिन्याच्या अखेरीस गच्चीवर पेरलेल्या कुंड्यांचा वरचा थर दोन तासांत वाळतो, आणि संध्याकाळी कितीही पाणी घातले तरी दुपारी मेलेला अंकुर परत येत नाही. म्हणून उगवण होईपर्यंत कुंडी पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली किंवा झाडाच्या विरळ सावलीत ठेवावी. मोठ्या बियांवर ओले गोणपाट अंथरावे आणि पहिला कोंब दिसताच त्याच दिवशी ते काढावे. उजेड मागणाऱ्या बारीक बियांवर पारदर्शक प्लॅस्टिक चालते, पण त्यावर थेट ऊन पडू देऊ नये, कारण आतली हवा तापून बी अक्षरशः शिजते.

याची उलट बाजू अश्वगंधेत दिसते. अश्वगंधा कोरड्या हवेची वनस्पती आहे आणि तिच्या शेतीसाठी मध्य प्रदेशातला मंदसौर-नीमचचा भाग प्रसिद्ध आहे. कोकणात किंवा घाटमाथ्याच्या पावसात जूनमध्ये ती पेरली, तर बी उगवण्यापूर्वी तरी कुजते किंवा उगवल्यावर तरी. आमच्याकडे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस पेरलेली अश्वगंधाच टिकली आहे.

बी जिवंत आहे का

इथपर्यंत दोष सापडला नाही, तर पाकिटात उरलेल्या बियांकडे वळावे. यासाठीच सगळे बी एकदम कधीही पेरू नये. पाण्याची परीक्षा सर्वांना माहीत असते: बुडेल ते चांगले, तरंगेल ते पोकळ. सर्पगंधेच्या बाबतीत ही परीक्षा उपयोगी आहे, कारण तिच्या पुष्कळशा आठळ्या बाहेरून भरल्यासारख्या दिसतात पण आत अंकुर नसतो. तिची उगवण नेहमीच कमी आणि बेभरवशाची असते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. रुईसारख्या केसाळ किंवा हवा धरून ठेवणाऱ्या बियांवर मात्र पाण्याची परीक्षा चालत नाही, कारण त्या चांगल्या असल्या तरी तरंगतात.

म्हणून मी कापून पाहण्याच्या परीक्षेवर अधिक विसंबतो. पाच-सहा बिया धारदार पात्याने उभ्या चिराव्यात. आतला भाग भरलेला, घट्ट आणि पांढरा किंवा पिवळसर असेल, तर बी जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. आत पोकळी, तपकिरी भुगा किंवा सुरकुतलेली साल असेल, तर पुढे कष्ट घेण्यात अर्थ नाही. सर्पगंधेचे बी साठवणीत लवकर मरते आणि वर्षभर जुन्या पाकिटातून फारसे काही उगवत नाही. शक्य तेव्हा पिकून जांभळे-काळे झालेले फळ आणून त्याचा गर चोळून धुवावा आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. गर धुणे महत्त्वाचे आहे, कारण त्यात उगवण रोखणारे घटक असतात आणि बुरशीलाही तो आवडतो. शतावरीची लाल फळे आणि अश्वगंधेची नारिंगी-लाल फळे यांनाही हेच लागू आहे.

त्यानंतर ओल्या कागदाची परीक्षा करावी. वीस बिया मोजून ओल्या टिश्यू कागदाच्या घडीत ठेवाव्यात, घडी झाकणाच्या डब्यात ठेवून दर दोन दिवसांनी उघडून पाहावी आणि कागद सुकला तर पाणी शिंपडावे. कागदात उगवण झाली आणि कुंडीत झाली नाही, तर बी निर्दोष आहे आणि चूक माती, खोली किंवा पाण्यात आहे.

टरफल फोडावे, पण जपून

उकरलेले बी कोरडे आणि टणक निघाले असेल, तर ही पायरी लागते. टाकळा, बहावा, गुंज आणि सागरगोटा या शेंगावर्गातल्या वनस्पतींच्या टरफलातून पाणी आत जात नाही. रानात ऊन-पावसाचे चटके, जनावरांचे पोट आणि मातीतली घासाघीस हे काम वर्षानुवर्षे करत असतात. घरी सागरगोटा खरबरीत दगडावर किंवा कानशीने एका जागी इतकाच घासावा की कठीण थराखालचा फिका रंग दिसेल. जिथे देठ चिकटलेला असतो, त्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला घासावे, कारण अंकुर डोळ्याजवळ असतो. नंतर रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी जे बी ठळकपणे मोठे झाले असेल ते पेरावे, आणि जे तसेच राहिले ते पुन्हा थोडे घासावे. लहान बियांसाठी गरम पाण्याचा उपाय सोपा आहे. पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, क्षणभर थांबून बियांवर ओतावे आणि तसेच रात्रभर निवू द्यावे. बी विस्तवावर उकळू नये.

खाजकुहिलीचे बी मोठे असते आणि त्याला बहुधा रात्रभर भिजवणे पुरते. त्रास तिच्या शेंगेचा असतो, कारण शेंगेवरच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. शेंगा फोडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि वाऱ्याच्या दिवशी हे काम करू नये.

गुंजेबद्दल मला स्पष्टपणे बजावायचे आहे. तिच्या बियांतील अॅब्रिन हे अतिशय जहाल विष आहे. अखंड टरफलामुळे ते आत बंद असते, आणि घासताना आपण तेच टरफल फोडत असतो. घरात लहान मुले असतील तर गुंज लावूच नये, आणि कोणीही घरी ती कानशीने घासून तिची भुकटी उडवू नये. गरम पाण्याचा उपाय करावा, तो स्वयंपाकघराबाहेरच्या वेगळ्या भांड्यात करावा आणि उरलेल्या बिया कुलपात ठेवाव्यात. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असते. तिचे कंद खाण्याच्या कंदांजवळ कधीही साठवू नयेत.

थांबलेला अंकुर

फुगलेले, घट्ट आणि तरीही न उगवणारे बी टरफल फोडून उगवत नाही, कारण अडथळा आत आहे. काळमेघाच्या ताज्या बिया काही महिने थांबतात. हिवाळ्यात जमवलेले बी पुढच्या मे-जूनमध्ये पेरले की ते चांगले उगवते, म्हणून डिसेंबरात पेरून निराश होण्यात अर्थ नाही. गोखरूचे काटेरी फळ आणि कळलावीचे बी यांचेही असेच आहे. या सर्वांवर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे वेळ. बी कागदी पाकिटात घालून, तारीख लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत थंड व कोरड्या जागी ठेवावे. पावसाळ्यातल्या दमट हवेपासून त्याला जपावे. आमच्या आजीच्या पद्धतीप्रमाणे मी बरणीच्या तळाशी चाळलेली कोरडी राख घालतो.

माती, आणि कोलमडणारी रोपे

माती बदलणे हे कष्टाचे काम आहे, म्हणून ते शेवटी ठेवले आहे. काळ्या चिकणमातीवर पाणी सुकले की कडक पापुद्रा धरतो आणि बारीक कोंब त्याखाली अडकून मरतो. अर्धवट कुजलेले शेणखत तापते आणि त्यातून हुमणी ही मुळे खाणारी अळीही येते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, क्षार असू शकतात, म्हणून निथळणारे पाणी फिके होईपर्यंत ते दोन-तीनदा धुवावे. मी दोन भाग चाळलेली पोयट्याची माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण वापरतो आणि त्यात कोणतेही रासायनिक खत घालत नाही.

रोपे मातीलगत बारीक होऊन कोलमडत असतील, तर तो मातीतल्या बुरशीचा रोग आहे. पडलेले रोप वाचत नाही, वाचवायची असतात ती शेजारची. त्या दिवशी पाणी बंद करावे, पडलेली रोपे भोवतालच्या मातीसह काढावीत, दाट जागी विरळणी करावी आणि कुंडी वाऱ्यावर ठेवावी. पुढच्या पेरणीआधी एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावी आणि बियांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी, चोळावी.

भलतेच उगवण्याच्या तक्रारीवर एक बिनखर्चाचा उपाय आहे. पेरताना त्याच मातीची एक कोरी कुंडी बी न घालता शेजारी ठेवावी आणि तिलाही तितकेच पाणी द्यावे. दोन्ही कुंड्यांत सारखेच रोप आले, तर ते मातीतले तण आहे.

बियांचा हट्ट कुठे सोडावा

काही वनस्पतींच्या बाबतीत बियांचा मार्गच लांबचा आहे. गुळवेलीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी पावसाळ्यात सहज जगते. अडुळसा आणि निर्गुंडी यांच्याही फांद्या लागतात, तर वेखंड गड्ड्यांच्या तुकड्यांपासून करावे. कळलावी बियांपासून केली तर फुलायला तीन-चार वर्षे जातात, आणि कंदापासून केली तर ती पुष्कळ लवकर फुलते. शतावरी, काळमेघ आणि भुईआवळा मात्र बियांपासूनच करावेत.

कोणाकडे आणि केव्हा जावे

वनस्पतीच्या ओळखीबद्दल थोडी जरी शंका असेल, तर तिथेच थांबावे. ‘शंखपुष्पी’ या एका नावाने निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात आणि ‘ब्राह्मी’ म्हणून आपल्याकडे अनेकदा मंडूकपर्णी दिली जाते. फुलावर आलेली फांदी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्रही आहे. ओळख पक्की झाल्यानंतरही, घरी उगवलेली वनस्पती औषध म्हणून पोटात घेण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. गुंज, कळलावी किंवा सर्पगंधा यांचा कोणताही भाग कोणी खाल्ला असेल, तर घरगुती उपाय न करता उरलेला भाग सोबत घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

थांबलेल्या बियाला जागे करणाऱ्या जिबरेलिक आम्लासारख्या संजीवकाची गरज आहे असे वाटू लागले, तेव्हाही तज्ज्ञाला विचारावे. पाचशे पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम, आणि ही भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. स्वयंपाकघरातल्या चमच्याने हे माप जमत नाही. टरफल मऊ करण्यासाठी रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्ल वापरतात, ते घरी कधीही वापरू नये.

दोन हंगामांत, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले बी सर्व तपासण्यांनंतरही उगवले नाही, तर तिसऱ्यांदा पेरू नये. सर्पगंधेसारख्या रानात विरळ होत चाललेल्या वनस्पतीचे प्रत्येक बी मोलाचे आहे, आणि अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही गोळा करणे बेकायदा आहे. अशा वेळी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या भागातल्या कृषी विद्यापीठात जावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. बी जिवंत आहे की नाही हे नेमके कळण्यासाठी टेट्राझोलियमची परीक्षा असते, तिच्यात जिवंत भाग लाल होतो आणि मेलेला रंगहीन राहतो. ती कोणत्या वनस्पतीसाठी करून मिळेल हे आधी विचारून घ्यावे. जाताना न पेरलेल्या थोड्या बिया, उकरून काढलेल्या दोन-चार बिया, कुंडीतली मूठभर माती, आणि बी कुठून आणले, केव्हा पेरले, किती दिवस भिजवले हे लिहिलेला कागद सोबत न्यावा.